मॅकिन्टॉश: वॉर्डातलं रबरी कापड, रेनकोट, सफरचंद, कॉम्प्युटर आणि एक स्कॉटिश आडनाव

सदाफुली (धागाकर्ती)

लेक यंदा जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, पहिल्या वर्षाला आहे. तिच्या प्रॅक्टिकलच्या वहीत प्रत्येक प्रोसीजरखाली साहित्याची यादी असते आणि त्यात हमखास एक ओळ येते: 'छोटा मॅकिन्टॉश व टॉवेल, अंथरूण ओलं होऊ नये म्हणून'. तोंडाची स्वच्छता असो, स्पंजिंग असो की एनिमा, मॅकिन्टॉश हवाच. वस्तू म्हणजे रबरी कापड, एवढं कळलं. पण नाव कुठून आलं ते तिच्या वर्गात कुणाला सांगता आलं नाही.

डिक्शनरी उघडली तर पहिला अर्थ रेनकोट. भाऊ म्हणतो, मॅकिन्टॉश म्हणजे अ‍ॅपलचा कॉम्प्युटर. आणि सासूबाई ज्या पत्र्याच्या डब्यात सुईदोरा ठेवतात त्या जुन्या टॉफीच्या डब्यावरही मॅकिन्टॉशच छापलंय! हा सगळा एकाच माणसाचा पसारा आहे की वेगवेगळी माणसं? मुळात या शब्दाला काही अर्थ आहे का? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा. लेकीलाही वाचायला देणार आहे.

माजी_सिस्टर

सदाफुली, नावाचं बाकीचे सांगतील. मी वस्तूचं सांगते, कारण ते तुमच्या लेकीला परीक्षेत विचारतील.

पलंगावर आधी गादी, त्यावर खालची चादर, त्यावर आडवा मॅकिन्टॉश आणि त्यावर ड्रॉशीट, म्हणजे आडवी घालायची छोटी कापडी चादर. हा क्रम चुकवायचा नाही. रबर पेशंटच्या अंगाला थेट लागलं की घाम साचतो, कातडी ओली राहते आणि पाठीला जखमा व्हायला वेळ लागत नाही. ड्रॉशीट म्हणूनच हवी, आणि ती ताणून, सुरकुती न ठेवता खोचलेली हवी.

वापरून झाला की साबणाच्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा. उन्हात टाकलात तर रबर तडकतं. वाळल्यावर दोन्ही बाजूंना पावडर लावायची, म्हणजे तो स्वतःलाच चिकटत नाही. आणि घडी कधीही घालायची नाही, गुंडाळून ठेवायचा. घडीच्या रेषेवर तो फाटतो आणि मग पाणी नेमकं तिथूनच गादीत उतरतं. आमच्या मेट्रनबाई कपाट उघडून पहिल्यांदा गुंडाळ्याच बघत.

आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे आणि एकदाच वापरून टाकायचे पॅड आलेत, तरी नाव मॅकिन्टॉशच चालतं.

ग्लासगोकर

छान धागा. नोकरीमुळे बरीच वर्षं ग्लासगोत आहे आणि इथे हे नाव पावलोपावली भेटतं. आडनावापासून सुरुवात करतो.

स्कॉटिश गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत, ते साधारण 'माख्क अन तॉशिख' असं उच्चारतात. 'माख्क', म्हणजे इंग्रजीतलं मॅक, याचा अर्थ मुलगा. 'तॉशिख' हे 'तॉशख' या शब्दाचं षष्ठीचं रूप. तॉशख म्हणजे जो पुढे असतो तो, म्होरक्या. तर मॅकिन्टॉश म्हणजे म्होरक्याचा मुलगा. आपला म्होरक्यासुद्धा 'म्होरं' चालणाराच, त्यामुळे मराठीत या शब्दाला इतका नेमका जोड सापडतो याचं मला फार अप्रूप वाटतं.

मध्ययुगीन स्कॉटलंडमध्ये हा नुसता कौतुकाचा शब्द नव्हता, हुद्दा होता. एखाद्या प्रांताचा मोठा सरदार तो मोर्मेर आणि त्याच्या खाली एका कुळाचा किंवा टापूचा प्रमुख तो तॉशख. 'बुक ऑफ डिअर' नावाचं एक जुनं हस्तलिखित आहे. त्याच्या समासात 12व्या शतकात गेलिकमध्ये लिहिलेल्या जमीनदानाच्या नोंदी आहेत आणि त्यांत हे दोन्ही हुद्दे येतात. शेजारच्या आयर्लंडमध्ये हाच शब्द अजून कारभारात आहे. तिथल्या पंतप्रधानाला आयरिश भाषेत आणि इंग्रजी बातम्यांतही 'टीशख' म्हणतात, 1937च्या राज्यघटनेनुसार तो अधिकृत किताबच आहे. वेल्शमध्ये 'राजपुत्र' या अर्थाचा शब्दही याच मुळाचा.

दगडफूल

म्हणजे आपले पाटील!

ग्लासगोकर

@दगडफूल, बरोबर दिशेने आहात. पाटील, देशमुख जशी हुद्द्यावरून आडनावं झाली तसंच. फरक एवढाच की इथे हुद्देदाराच्या मुलापासून सुरुवात आहे, 'पाटीलपुत्र' म्हणा हवं तर.

मॅकवाल्या आडनावांत हे दोन गट ओळखता आले की पुष्कळ नावं आपोआप उलगडतात. एका गटात मॅकच्या पुढे बापाचं नाव असतं: मॅकडॉनल्ड म्हणजे डॉनल्डचा मुलगा. दुसऱ्या गटात बापाचा धंदा किंवा हुद्दा असतो. मॅकिन्टायर सुताराचा मुलगा, मॅकनॅब मठाधिपतीचा, मॅकटॅगर्ट धर्मगुरूचा, मॅकफर्सन पॅरिशच्या पाद्र्याचा. मॅकिन्टॉश या दुसऱ्या गटातला.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. गावोगावी जसे पाटील तसे टापूटापूला तॉशख होते. त्यामुळे सगळे मॅकिन्टॉश एका रक्ताचे नाहीत. सगळ्यांत प्रसिद्ध घराणं इन्व्हर्नेसजवळच्या मॉयचं. त्यांची परंपरा सांगते की त्यांचा मूळपुरुष फाइफच्या अर्लचा मुलगा होता आणि 12व्या शतकात राजाबरोबर उत्तरेकडे बंड मोडायला आला. पण पर्थशरकडे या नावाची वेगळी घराणीही होती. आडनाव सारखं म्हणजे भाऊबंद, हे तिथेही गृहीत धरता येत नाही.

आणखी एक. मॅक म्हणजे मुलगा, मग बाईच्या नावात काय? गेलिक बोलताना बाईच्या आडनावात मॅकच्या जागी 'निख्क' येतं, म्हणजे मुलगी. इंग्रजीने हा भेद उचलला नाही, इंग्रजीत बाई-पुरुष सगळेच मॅक.

सदाफुली

वा! लेक म्हणते, वॉर्डात रोज 'म्होरक्याचा मुलगा' अंथरतोय हे सिस्टर ट्यूटरना सांगणार. पण म्होरक्याच्या मुलाचं रबरी कापड कसं झालं?

आवर्तसारणी

हा माझा विषय! अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो आणि ही गोष्ट दरवर्षी सांगतो, कारण टाकाऊ पदार्थातून उद्योग कसा उभा राहतो याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

चार्ल्स मॅकिन्टॉश, जन्म ग्लासगो, 1766. वडिलांचा रंगाचा कारखाना. दगडफुलापासून (आयडी दगडफूल, तुमचा संबंध निघाला!) जांभळा-तांबडा रंग काढायचे. हे काम त्यांनी इतकं गुप्त ठेवलं होतं की कारखान्याभोवती उंच भिंत होती आणि कामगार मुद्दाम हायलँडमधून आणलेले, गेलिक बोलणारे. त्या रंगासाठी अमोनिया लागायचा, आणि तो मिळवायला जुना मार्ग म्हणजे लोकांचं मूत्र गोळा करणं.

तेवढ्यात ग्लासगोत रस्त्यावर गॅसचे दिवे आले. हा गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढत. गॅस निघाला की मागे अमोनियाचं पाणी आणि काळं चिकट डांबर उरायचं. गॅस कंपनीला त्या डांबराचं करायचं काय हा प्रश्न होता. चार्ल्सने अमोनियासाठी हा सगळा उरलासुरला माल उचलण्याचा करार केला. म्हणजे डांबर त्याच्याकडे फुकटात साचू लागलं. ते ऊर्ध्वपातन करून त्यातून नॅफ्था नावाचं पातळ, उडून जाणारं तेल त्याने काढलं.

दुसरीकडे दक्षिण अमेरिकेतून रबराचे गोळे युरोपात येत होते. पाणी अडवण्याचा गुण सगळ्यांना माहीत होता, पण ते कापडाला लावायचं कसं? पाण्यात विरघळत नाही, वितळवलं तर चिकट राहतं. 1818 साली एडिंबरोच्या जेम्स साइम नावाच्या विद्यार्थ्याने प्रसिद्ध केलं की डांबरातून निघणाऱ्या द्रवात रबर विरघळतं. तो पुढे डॉक्टरकीकडे वळला आणि पेटंट वगैरेच्या फंदात पडला नाही.

मॅकिन्टॉशने जे डोकं चालवलं ते पुढच्या पायरीवर. नॅफ्थात विरघळवलेलं रबर कापडाच्या बाहेरून लावलं तर सगळीकडे चिकटणार. त्याने ते एका कापडावर लावलं आणि वर दुसरं कापड दाबून बसवलं. नॅफ्था उडून गेला, रबर दोन कापडांच्या मध्ये अडकलं. बाहेरून-आतून हाताला लागतं ते कापड, पाणी अडवतं ते मधलं रबर. 1823चं पेटंट. त्यानंतर मँचेस्टरला कारखाना.

सुरुवातीचा माल त्रासदायक होता. थंडीत पत्र्यासारखा ताठ व्हायचा, उन्हाळ्यात मऊ पडून चिकटायचा आणि वास तर असा की माणूस यायच्या आधी कोट आला हे कळावं. त्यात शिंप्यांनी नेहमीसारखी शिलाई मारली की सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत. इलाज दोन झाले. शिलाईवर रबराच्या पट्ट्या चिकटवून सांधे बंद करायला लागले. आणि 1840च्या दशकात व्हल्कनायझेशन आलं: रबरात गंधक घालून तापवायचं, म्हणजे ते उन्हाळा-हिवाळा सारखंच लवचीक राहतं. इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट 1843 साली टॉमस हॅनकॉकने घेतलं, आणि हा हॅनकॉक मॅकिन्टॉशच्याच कंपनीतला भागीदार. अमेरिकेत 1844 साली चार्ल्स गुडइयरने. मॅकिन्टॉश स्वतः 1843च्या जुलैत गेला, त्यामुळे त्याच्या नावाचा चांगला, न चिकटणारा कोट त्याला बघायला मिळाला नाही.

कापडाला आणि त्याच्या कोटाला लोक 1830च्या दशकातच नुसतं 'मॅकिन्टॉश' म्हणायला लागले होते. पुढे त्याचं झालं 'मॅक'.

वाऱ्यावरची_वरात_नाही

वाचतोय. साखळी भारी आहे.

माजी_सिस्टर

@आवर्तसारणी, तुम्ही जेम्स साइमचं नाव घेतलंत आणि मी उठून बसले. हाच तो साइम, मोठा सर्जन! घोट्याच्या सांध्याशी पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेला आजही साइम अँप्युटेशन म्हणतात. त्याची मुलगी अ‍ॅग्नेस, आणि तिचा नवरा जोझेफ लिस्टर. 1856 साली त्यांचं लग्न झालं. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घालणारा तोच लिस्टर.

आता पुढे ऐका. लिस्टरने 1865 साली ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत कार्बोलिक अ‍ॅसिड वापरायला सुरुवात केली. त्यानंतर काही वर्षांनी त्याचं जे प्रसिद्ध ड्रेसिंग ठरलं ते असं: कार्बोलिक लावलेल्या गॉझचे आठ पदर आणि सगळ्यांत बाहेरच्या पदराच्या आत मॅकिन्टॉश कापडाचा एक तुकडा. जखमेतून आलेला स्राव सरळ वर येऊन बाहेर पडला असता तर त्या ओल्या वाटेने जंतू आत शिरले असते. मॅकिन्टॉश मध्ये आला की स्राव आडवा पसरतो, औषध लावलेल्या गॉझमधून लांबचा प्रवास करतो, आणि कडेला पोचेपर्यंत गॉझने आपलं काम केलेलं असतं.

म्हणजे सासऱ्याने विद्यार्थी असताना शोधलेल्या द्रवातून झालेलं कापड जावई जखमेवर बांधत होता. मी इतकी वर्षं मॅकिन्टॉश गुंडाळले, पण हे दोन धागे कधी जोडले नव्हते.

आवर्तसारणी

सिस्टर, त्यात अजून एक घाला. कार्बोलिक अ‍ॅसिडसुद्धा दगडी कोळशाच्या डांबरातूनच निघायचं. ड्रेसिंगमधलं औषध आणि ड्रेसिंगवरचं कापड, दोन्ही गॅसच्या दिव्यांच्या मागे उरलेल्या गाळाची देणगी. आता वर्गात सांगताना लिस्टरपर्यंत जाणार.

सदाफुली

अंगावर काटा आला. मग कोटाचं नाव वॉर्डात कसं टिकलं? डिक्शनरीत तर कोटच आहे.

माजी_सिस्टर

कारण आधी ते कापडाचंच नाव होतं. त्या कापडाचे कोट झाले, चादरी झाल्या, हवेच्या उशा-गाद्या झाल्या. आपल्याकडचं नर्सिंगचं शिक्षण ब्रिटिश पद्धतीवर बेतलं गेलं, पलंग करण्याच्या क्रमापासून ट्रेच्या यादीपर्यंत. त्या यादीतून शब्द आला आणि मराठीत त्याला रूपही मिळालं. आमच्याकडे तो पुल्लिंगी: 'मॅकिन्टॉश घातला का?', 'सगळे मॅकिन्टॉश धुवायला टाका'. ब्रिटनमध्ये आता मॅक म्हटलं की लोकांना पावसाळी कोटच आठवतो. रबरी चादरीचा अर्थ जपलाय तो आपल्या मुलींनी.

ग्लासगोकर

+१. इथे दुकानात मॅक मागितलात तर कोटच पुढे करतील. मॅकिन्टॉश नावाचे कोट आजही ग्लासगोजवळ कंबरनॉल्डला बनतात, सांधे हाताने चिकटवून. कंपनीची मालकी मात्र आता जपानी आहे.

पाणिनीचा_शेजारी

एक शंका. इंग्रजीत हे आडनाव मी तीन-चार प्रकारे लिहिलेलं पाहिलंय. कोटाच्या शब्दात सी नंतर के असतो, कॉम्प्युटरच्या नावात नसतो, सफरचंदात तर सुरुवातीला नुसतं एम-सी. योग्य कुठलं? आणि 'एम-सी असेल तर आयरिश, एम-ए-सी असेल तर स्कॉटिश' हे खरं का?

ग्लासगोकर

शेवटच्याचं आधी: खरं नाही. ही समजूत इथल्या लोकांतही आहे, पण आधार काही नाही. एम-सी हा नुसता संक्षेप आहे, जसा आपण 'रा. रा.' लिहीत होतो. जुन्या कागदांत एम पुढे स्वल्पविरामासारखी खूण करूनही लिहीत. एकच माणूस एका दस्तात एका तऱ्हेने तर दुसऱ्यात दुसऱ्या तऱ्हेने लिही. दोन्ही देशांत दोन्ही रूपं सापडतात. मॅकनंतरचं अक्षर मोठं की लहान, के आहे की नाही, हे त्या त्या घराण्याने पुढे पक्कं केलं. म्हणून योग्य-अयोग्य असं नाही, पण माणसाचं नाव लिहिताना तो स्वतः लिहायचा तसंच लिहिणं हा साधा आदर आहे.

गंमत इथे आहे: कोटवाला चार्ल्स आपलं नाव के न लावता लिही. के लोकांनी घातला आणि शब्दकोशांनी पुढे तोच मुख्य धरला. म्हणून के नसलेला चार्ल्स मॅकिन्टॉश आणि के असलेला मॅकिन्टॉश कोट, हे दोन्ही एकाच वाक्यात बरोबर असू शकतात. कोट किंवा कापड असेल तेव्हा पहिलं अक्षर लहान, माणूस असेल तर मोठं. शब्दकोशात के नसलेला पर्यायही देतात, पण लेकीने वहीत के घालूनच लिहावं.

मेपलची_पानं

टोरांटोहून. सफरचंदाचं मी सांगते, ते आमच्या घरात शरद ऋतूत पोत्याने येतं.

जॉन मॅकिन्टॉश, स्कॉटिश वंशाचा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्ककडून वर कॅनडात आला. ऑन्टॅरिओत डंडेला नावाच्या वस्तीजवळ 1811च्या सुमारास जमीन साफ करताना त्याला सफरचंदाची काही रोपं सापडली. त्याने ती उपटून टाकली नाहीत, घराजवळ लावली. त्यातल्या एकाची फळं चांगली निघाली. सफरचंदाचं बी पेरलं तर आईसारखं फळ मिळत नाही, कलमच करावं लागतं. कलमं करून ही जात सगळीकडे पोचवण्याचं काम त्याच्या मुलाने, अ‍ॅलनने केलं. म्हणजे आज जगात जिथे जिथे मॅकिन्टॉशचं झाड आहे ते त्याच एका झाडाचं अंग आहे. मूळ झाडाला 1894 साली घराला लागलेल्या आगीची झळ बसली, तरी ते अर्ध्या बाजूने आणखी बरीच वर्षं फळं देत राहिलं आणि 1910च्या सुमारास गेलं.

चव आंबटगोड, गर पांढरा शुभ्र आणि मऊ. शिजवलं की लगेच विरघळतं. साखरआंब्यासारखा मुरांबा याचा फार छान होतो, वेलदोडा घालून करून बघा. इथे दुकानात त्यालाही 'मॅक' म्हणतात. यात के नाही आणि सुरुवात एम-सी.

रीस्टार्ट_केलं_का

मग कॉम्प्युटर सफरचंदावरून आलाय, रेनकोटावरून नाही. 1979 साली अ‍ॅपलमध्ये जेफ रस्किन यांनी सोप्या, स्वस्त कॉम्प्युटरचा प्रकल्प सुरू केला आणि त्याला आपल्या आवडत्या सफरचंदाचं नाव दिलं. पण न्यूयॉर्क राज्यातली मॅकिन्टॉश लॅबोरेटरी नावाची कंपनी 1949पासून अ‍ॅम्प्लिफायर बनवत होती, स्पेलिंग सफरचंदासारखंच. गोंधळ नको म्हणून अ‍ॅपलने स्पेलिंग बदललं. तरी उच्चार तोच, त्यामुळे त्या कंपनीची परवानगी घ्यावीच लागली. ती 1983 साली मिळाली आणि 24 जानेवारी 1984ला मशीन बाजारात आलं. बदललेलं स्पेलिंग नेमकं रेनकोटवाल्या चार्ल्सच्या सहीसारखं झालं, तो मात्र योगायोग.

पाणिनीचा_शेजारी

म्हणजे 'मॅक' या एका अक्षरसमूहाचे इंग्रजीत कोट, सफरचंद, कॉम्प्युटर असे अर्थ. शिवाय अमेरिकेत अनोळखी पुरुषाला 'ए मॅक' अशी हाक मारायची पद्धत होती. 'मुलगा' या मूळ अर्थाला हीच हाक सगळ्यांत जवळची, 'काय रे पोरा' म्हटल्यासारखी!

टाऊनहॉल_पायरी

मुंबईच्या एका ग्रंथालयात काम केलंय, त्यामुळे या नावाचा एक माणूस सगळ्यांपुढे ठेवायलाच हवा. त्याच्यामुळे आपल्या शहरात विद्येचं एक मोठं दालन उघडलं आणि त्याचं नाव मुंबईकरांना माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सर जेम्स मॅकिन्टॉश. यात के आहे. जन्म 1765, इन्व्हर्नेसजवळ ऑल्डुरी इथे. शिकला वैद्यक, वळला कायद्याकडे. फ्रेंच राज्यक्रांतीवर एडमंड बर्कने कडाडून टीका केली तेव्हा 1791 साली क्रांतीच्या बाजूने उत्तर लिहून तो गाजला. नंतर मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे इथल्या कोर्टाचा मुख्य न्यायाधीश म्हणून नेमला गेला आणि 1804 साली आला.

त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला परळच्या सरकारी निवासात त्याने काही मंडळी जमवली आणि लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन केली. हीच संस्था पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि आज एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई. फोर्टातल्या टाऊन हॉलच्या ज्या पायऱ्यांवर लोक फोटो काढतात, त्या पायऱ्यांच्या वर जे ग्रंथालय आहे त्याची सुरुवात या माणसाने केली. परळचं ते घर म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेची वास्तू.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. फाशी ही त्या काळी इंग्लंडात चोरीसारख्या गुन्ह्यांनाही होती. 1811 साली मुंबई सोडताना ज्युरीपुढच्या भाषणात मॅकिन्टॉशने सांगितलं की सात वर्षं इथे एकही देहदंड दिला गेला नाही आणि त्यामुळे गुन्हे वाढले नाहीत. परत गेल्यावर तो पार्लमेंटात गेला आणि फाशीच्या गुन्ह्यांची यादी कमी करावी म्हणून झगडत राहिला. मुंबईतला तो अनुभव त्याच्या हाताशी होता. 1832 साली वारला.

ग्रंथालयाबद्दल एक जोड: जुन्या कार्ड कॅटलॉगमध्ये एम-सीने सुरू होणारी सगळी नावं एम-ए-सी समजूनच लावायची असा नियम होता, म्हणजे वाचकाला स्पेलिंग आठवलं नाही तरी पुस्तक सापडायचं. कॉम्प्युटर आला आणि अक्षराप्रमाणे कोरडी लावणी सुरू झाली. म्हणून ऑनलाइन कॅटलॉगमध्ये हे आडनाव शोधताना चारही स्पेलिंगं घालून बघा.

दगडफूल

टाऊनहॉल_पायरी, हा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका. एशियाटिकमध्ये गेलोय आणि हे नाव कानावर आलं नव्हतं.

मेपलची_पानं

टॉफीचं राहिलं. हॅलिफॅक्स, यॉर्कशर. जॉन आणि व्हायोलेट मॅकिन्टॉश या जोडप्याने 1890 साली मिठाईचं दुकान काढलं आणि टॉफी चालली. रंगीत कागदांतल्या चॉकलेटांचा क्वालिटी स्ट्रीटचा डबा त्यांच्या कंपनीने 1936 साली आणला. कंपनी 1969 साली राउंट्रीशी जोडली गेली आणि 1988 साली नेस्लेकडे गेली, त्यामुळे मॅकिन्टॉश छापलेला सासूबाईंचा डबा जुना आहे. सांभाळून ठेवा.

किल्लेदार_पन्हाळा

मॉयच्या घराण्याचं ब्रीद कुणी सांगितलं नाही अजून. 'हातमोजा घातल्याशिवाय मांजराला हात लावू नका'. मांजर म्हणजे रानमांजर, अनेक कुळांच्या चॅटन संघाचं चिन्ह, आणि मॅकिन्टॉश त्या संघाचे नायक. ब्रिदात एक जुना स्कॉट्स शब्द आहे, 'बॉट', अर्थ 'शिवाय'. त्याला इंग्रजी 'बट' समजलं तर वाक्याचा अर्थच लागत नाही.

आणि 1745-46च्या जॅकोबाइट उठावातली (गादी गेलेल्या स्ट्युअर्ट राजघराण्याला ती परत मिळावी म्हणून झालेला उठाव) अ‍ॅन मॅकिन्टॉश. नवरा कुळप्रमुख, पण तो सरकारी फौजेत कप्तान. हिने विशीत असताना कुळाची माणसं त्या घराण्यातल्या राजपुत्र चार्ल्सच्या बाजूने उभी केली. लोक तिला 'कर्नल अ‍ॅन' म्हणत. फेब्रुवारी 1746मध्ये राजपुत्र मॉयला मुक्कामाला होता आणि त्याला पकडायला रात्री मोठी सरकारी फौज निघाली. गावच्या लोहाराने चारपाच माणसं अंधारात पसरवून, गोळ्या झाडून, निरनिराळ्या कुळांच्या नावाने आरोळ्या ठोकून असा आभास केला की मोठं सैन्य दबा धरून आहे. फौज उलटपावली पळाली. गनिमी कावा कळणाऱ्याला ही गोष्ट लगेच आपली वाटते. एप्रिलमध्ये कलोडनच्या लढाईत मात्र सगळं संपलं आणि त्या कुळाची माणसं तिथे फार पडली.

ग्लासगोकर

@किल्लेदार, मस्त. वापराचा एक मुद्दा यालाच जोडून: कुळप्रमुखाला इंग्रजीत 'मिस्टर मॅकिन्टॉश' म्हणत नाहीत. त्याच्या आडनावाआधी 'द' लावतात, 'द मॅकिन्टॉश'. बाकीचे मॅकिन्टॉश हजारो, 'द' एकच. आणि रेनकोटवाल्या चार्ल्सच्या घराचं नाव होतं डनचॅटन. ग्लासगोच्या धुरात राहूनही घराण्याने त्या मांजरसंघाची आठवण दारावर लावली होती.

पाणिनीचा_शेजारी

मराठीत लिहायचं कसं? मॅकिन्टॉश, मॅकिंटॉश, मॅकिंतोश, तिन्ही दिसतात.

ग्लासगोकर

इथे उच्चारात जोर पहिल्या 'मॅ'वर असतो, 'ट' आपल्या 'ट'जवळचा आणि शेवटी 'ऑ'. त्यामुळे मॅकिन्टॉश किंवा मॅकिंटॉश. 'तोश' गेलिकला जवळचं, पण इंग्रजीत बोलताना तसं कुणी म्हणत नाही.

रीस्टार्ट_केलं_का

ग्लासगोत रेनी मॅकिन्टॉश नावाचा आर्किटेक्ट होता ना? उंच पाठीच्या खुर्च्यांवाला. तोही यांच्यातलाच का?

ग्लासगोकर

त्याच्याबद्दल लिहायचंच होतं. चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश, जन्म ग्लासगो, 1868. रेनी हे आईचं माहेरचं आडनाव, म्हणजे त्याचं मधलं नाव. 'रेनी मॅकिन्टॉश' असं जोडआडनाव कधीच नव्हतं, पण पर्यटकांच्या पुस्तकांनी ते रूढ केलं. बाप आपलं नाव एम-सीने आणि के न लावता लिही. मुलाने 1893च्या सुमारास ते बदलून के वालं केलं. एकाच घरात दोन पिढ्यांत स्पेलिंग बदलतं ते असं.

ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची इमारत त्याची, 1897 ते 1909 या काळात दोन टप्प्यांत बांधलेली. शहरातले लोक तिला प्रेमाने 'द मॅक' म्हणतात. 2014 साली तिला आग लागली, ग्रंथालय जळालं. दुरुस्ती चालू असताना 2018च्या जूनमध्ये पुन्हा लागली आणि या वेळी जवळजवळ सांगाडाच उरला. त्यानंतरच्या सोमवारी ऑफिसात कुणाचं कामात लक्ष नव्हतं.

त्याची बायको मार्गारेट मॅकडॉनल्ड ही स्वतः मोठी कलावंत. तिच्या भित्तिफलकांशिवाय त्या खोल्या अर्ध्या वाटल्या असत्या. तो स्वतः तिला आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानत असे. सॉकीहॉल रस्त्यावरचं 1903चं विलो टीरूम अजून आहे, तिथे बसून चहा पिता येतो. त्याच्या ढंगाची गुलाबं आणि लांबट अक्षरं आता ग्लासगोत चाव्यांच्या साखळ्यांपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे छापतात. त्या नकली मालाला लोकांनी 'मॉकिन्टॉश' असं नाव दिलंय, मॉक म्हणजे नक्कल.

टाऊनहॉल_पायरी

त्याच्यावरची पुस्तकं हवी असतील तर कॅटलॉगमध्ये आर खाली नका शोधू. एम खाली, के घालून, आणि मार्गारेटचं नावही त्याच फेरीत टाका. तिच्या कामावरची पुष्कळ माहिती नवऱ्याच्या नावाखाली नोंदलेली असते.